आधी सुई, मग सुरी

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

आईच्या मॅमोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही नीट पाहिलं. फोनवर अर्धं बोलणं राहून जातं आणि तेवढ्यात बाबा फोन आत्याच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे. हे पत्र दोघांनी बरोबर बसून वाचा. बाबा, तुम्ही आधी एकट्याने वाचून त्यातलं आईला काय सांगायचं ते ठरवायचं नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलंय की उजव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात, घड्याळाच्या दहाच्या जागी, १४ मिलिमीटरची अस्पष्ट कडांची गाठ आहे, काखेतल्या ग्रंथी नेहमीसारख्या आहेत, बायरॅड्स ४बी. बाबा, हा चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे. रेडिओलॉजिस्टला किती संशय आहे त्याची ती प्रतवारी असते. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी फोटो हवेत. एक आणि दोन म्हणजे काळजी नाही. तीन म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांपलीकडे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. चाराचे तीन भाग पडतात: ४ए म्हणजे २ ते १० टक्के, ४बी १० ते ५०, ४सी ५० ते ९५. पाच म्हणजे त्याहून वर. म्हणजे आईची गाठ साधी निघण्याचीच शक्यता जास्त आहे, पण सहा महिने वाट पाहावी इतकी ती निर्धास्तही नाही. तुकडा काढून तपासायलाच हवा.

आता मुख्य गोष्ट. तिथले सर्जन म्हणाले, "सुई कशाला टोचत बसायची, गाठच काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू." ऐकायला हे सोपं वाटतं, पण याला होकार देऊ नका. गाठ साधी असेल तर आईचं ऑपरेशन उगीच होईल. कॅन्सर असेल तर तो कॅन्सर आहे हे माहीत नसताना केलेलं ऑपरेशन अर्धवट ठरतं. कडेला किती मोकळी जागा ठेवायची, चीर कुठे घ्यायची, काखेतल्या ग्रंथी तपासायच्या का, यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं. मग पुन्हा टेबलावर जावं लागतं. पहिल्या ऑपरेशनच्या जागी रक्त-पाणी साठून सूज असते, त्यामुळे मूळ गाठीच्या कडा कुठवर होत्या ते सोनोग्राफीतही कळेनासं होतं. चीर भलत्या जागी गेली असेल तर पुढे स्तन वाचवणंही अवघड होऊन बसतं. सुईने आधी निदान झालं की ऑपरेशन करायचं का, कोणतं, हे शांतपणे ठरवता येतं आणि बहुतेक वेळा ते एकदाच करावं लागतं.

सुई म्हणजे कोणती, हेही नाव घेऊन मागा. बारीक सुईने पेशी ओढून घेतात ती एफएनएसी. ती स्वस्त आणि झटपट होते, पण कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरायला लागलाय हे तिच्यात कळत नाही, कारण हातात सुट्या पेशी येतात, ऊतीचा तुकडा येत नाही. आपल्याला कोअर बायोप्सी हवी. दवाखान्यात तिला ट्रूकट म्हणतात. आईची गाठ सोनोग्राफीत दिसते आहे, म्हणून ती सोनोग्राफीत बघतच करायची, नुसती हाताने चाचपून नव्हे. चाचपून केली की सुई गाठीच्या बाजूने निसटते, रिपोर्ट 'साधी गाठ' असा येतो आणि आपण फसतो.

आई, प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. उपाशी राहायचं नाही, नाश्ता आणि बीपी-शुगरच्या गोळ्या रोजच्यासारख्या. जरा कुशीवर झुकवून निजवतील आणि उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतील. तुझा तो खांदा आखडतो, हे आधीच सांग म्हणजे उशी देतील. जागा स्वच्छ करून भुलीचं इंजेक्शन देतात, ते काही सेकंद चरचरतं. मग दोन-तीन मिलिमीटरचा छेद आणि त्यातून १४ गेजची सुई. प्रत्येक तुकड्याला 'खट्' असा स्टेपलरसारखा आवाज येतो. आवाजानेच बायका दचकतात, दुखत फारसं नाही. दुखलंच तर बोल, भूल वाढवता येते. असे चार ते सहा तुकडे घेतात. सगळं मिळून अर्धा तास. टाका पडत नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं जागा घट्ट दाबून धरायची असते, ती घाईत सोडू देऊ नकोस. काळंनिळं होण्याचं निम्मं कारण तेच असतं. घरी फडक्यात बर्फ, दिवसभर घट्ट ब्रा, दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेनच्या जातीची गोळी नको. पाण्याच्या बादल्या दोन दिवस बाबा उचलतील.

इकोस्प्रिन, तुझी रक्त पातळ ठेवायची गोळी, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. कोअर बायोप्सी बहुधा ती चालू असतानाही करतात, फक्त आधी सांगून ठेव. क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं दुसरं औषध असतं तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागलं असतं.

आत्या म्हणते सुई लावली की पसरतो. ही भीती घरोघरी आहे. सुईच्या वाटेवर एखाद-दुसरी पेशी सरकते हे खरं, पण त्यामुळे बायका लवकर दगावतात असं इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. सुई टाळून नुकसान झालेले रुग्ण मात्र आमच्याकडे नियमित येतात.

माझं काम प्रयोगशाळेतलं, म्हणून पुढच्या टप्प्यावर जरा जास्त लिहिते. या टप्प्याकडे नातेवाइकांचं लक्षच नसतं. तुकडे काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये गेले पाहिजेत. १० टक्क्यांचं, बफर केलेलं, तुकड्यांच्या निदान दहापट. सलाइनच्या बाटलीत किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून दिलेले नमुने येतात, तेव्हा आमच्या हाती खराब झालेली ऊती उरते. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिले तरच पुढच्या रिसेप्टरच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी कोणत्या औषधाला दाद देतील हे सांगणाऱ्या खुणांच्या, तपासण्या भरवशाच्या होतात. म्हणून बायोप्सी सोमवार-मंगळवारी ठेवा. जोडून सुट्ट्या आल्या की बाटली तशीच पडून राहते. हे इतकं महत्त्वाचं का? ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर, चुकून निगेटिव्ह आला तर आईला जी साधी रोजची गोळी पुरली असती ती मिळणार नाही आणि नको असलेली केमो गळ्यात पडेल. बाबा, बाटलीवर नाव, वय, उजवी बाजू, दहाची जागा आणि नमुना काढल्याची वेळ लिहिलीय का ते तुम्ही स्वतः वाचा. तुम्ही बँकेत चेक तपासायचात तसंच.

पहिला रिपोर्ट चार-पाच दिवसांत येतो. साधी गाठ निघाली तर लगेच पेढे वाटू नका. रेडिओलॉजिस्टला एवढंच विचारा: "चित्र आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का?" चित्र संशयाचं आणि तुकडा निर्दोष असेल तर तुकडा चुकीच्या जागेचा असू शकतो आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. 'अ‍ॅटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया' असं आलं तर तो कॅन्सर नव्हे, पण बहुतेकदा त्या जागेचा मोठा भाग काढून पाहतात, कारण शेजारी काही दडलेलं असू शकतं. 'डीसीआयएस' म्हणजे नळीच्या आतच राहिलेला, शून्य स्टेजचा.

'इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा' आलं तर पुढे ग्रेड लिहिलेली असते, १ ते ३. ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत सगळे करतात. ग्रेड म्हणजे पेशी दिसायला किती बिघडलेल्या आहेत. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. मग ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन हार्मोनचा रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन). हर-टूचा आकडा ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर फिश नावाची तपासणी लागते आणि तिचा निकाल येईपर्यंत औषधांचा निर्णय करू द्यायचा नाही. यातले सगळे कागद आल्याशिवाय 'उद्याच अ‍ॅडमिट व्हा' कुणी म्हटलं तर बाबा, तुम्ही गप्प राहून आईला घेऊन घरी या. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. चार-सहा महिन्यांनी बिघडतं.

आजार अंगात कुठे पसरलाय का ते शोधणारा पेट स्कॅनही कुणी सुचवेल. काखेत काही नाही, गाठ दीड सेंटिमीटरच्या आत, अंगात कुठे दुखत नाही, अशा वेळी त्याची गरज नसते. फुफ्फुसात जुन्या टीबीचा डाग दिसतो आणि महिना त्याच्या मागे जातो. रक्तातली सीए १५-३ ही कॅन्सरच्या खुणेची तपासणी निदानासाठी तर अगदीच निरुपयोगी.

समजा कॅन्सरच निघाला. मग प्रश्न येतो, गाठ काढायची की पूर्ण स्तन. 'सगळंच काढा म्हणजे कटकट मिटली' असं नातलग हटकून म्हणतात. अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या मिलानच्या मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले: गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. पूर्ण स्तन काढला तरी छातीच्या त्वचेवर आजार परतू शकतो, शिवाय जखमेतलं पाणी निचरायची नळी लावून घरी यावं लागतं आणि चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली पाणी येईपर्यंत ती राहते. तरीही आईला पूर्णच काढून टाकायचा असेल तर तो तिचा निर्णय. बाबा, तो तुमचा नाही आणि माझाही नाही.

आईचं एकाहत्तर वय इथे उलट सोयीचं पडतं, कारण काही गोष्टी गाळता येतात. गाठ लहान, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असेल तर सत्तरीनंतर काखेतली सेंटिनेल ग्रंथी (आजार पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती) काढणं दरवेळी गरजेचं नसतं, हे सर्जनला विचारा. ती काढली तरी हात सुजण्याचा धोका शेकड्यात पाच-सहा जणींना. सगळी काख साफ केली तर वीसेक जणींना. म्हणून 'हात लागलाच आहे तर काख साफ करून टाकू' हे मान्य करायचं नाही.

रेडिएशनचंही तसंच. पासष्टीपुढच्या, ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीच्या, ईआर पॉझिटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या बायकांत रेडिएशन गाळून नुसती गोळी दिली, त्याचे दहा वर्षांचे आकडे २०२३ मध्ये आले. त्याच स्तनात आजार परतणं रेडिएशनविना ९.५ टक्के, रेडिएशनसह ०.९ टक्के. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं. पण ही सवलत पाच वर्षं गोळी नेमाने घेणारीसाठी आहे. आई, थायरॉइडची गोळी तू महिन्यात चारदा विसरतेस. तेव्हा मला विचारशील तर रेडिएशन घेऊन टाकावं. हल्ली ते एका आठवड्यात पाच वेळांतही देतात, ते मिळत नसेल तर तीन आठवड्यांत पंधरा वेळा.

गोळी म्हणजे बहुधा लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक. ती सुरू करण्याआधी हाडांची डेक्सा (ती किती मजबूत आहेत ते मोजणारी तपासणी) करून घ्यायची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवायचं. सकाळी बोटं आखडतात, सांधे धरतात. फार त्रास झाला तर औषध बदलून मिळतं, परस्पर सोडायचं नाही. असा रिपोर्ट आला तर केमोची वेळ बहुतेक येणारच नाही. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह, आला तर मात्र सगळं वेगळं, तेव्हा बीआरसीए या आनुवंशिक जनुकांची तपासणीही करू. तिचा निकाल मलाही लागेल.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत ऑपरेशनच्या चीरेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन हे भुलीचं औषध टोचलं, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषध अगदी स्वस्त आहे. ते देणार का, एवढंच विचारायचं.

खर्चाचं: सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार घेऊन या आठवड्यातच काढून घ्या. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि बायोप्सीच्या तपासण्या त्यात धरतात का, हे भरती होण्याआधी विचारा.

रिपोर्टबरोबर पॅथॉलॉजीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. दुसरं मत घ्यायला कुठेही गेलं तरी तेच मागतात आणि नुसत्या कागदावर काम होत नाही. ब्लॉक उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

मी सोमवारी रात्री पोहोचते. मंगळवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. येताना २०२१ ची जुनी मॅमोग्राफी, सध्याची सीडी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. काढा आणि चूर्णही आणा, लपवू नका. आई, पुढून उघडणारा ब्लाउज घाल, गळ्यातलं घरीच ठेव आणि काखेत पावडर लावू नकोस. पुन्हा फोटो काढावा लागला तर पावडरचे कण कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

तुमची लेक