नाणेघाटातील शिलालेखाला खडू लावू नका

आपल्या पुरवणीतील पावसाळी सहलींच्या लेखात नाणेघाटातील शिलालेख एका ओळीत आटोपला, हे खटकले. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या सातवाहनकालीन व्यापारी वाटेवरच्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा हा ब्राह्मी लिपीतला लेख अमोल आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायींचे आणि कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडेसुद्धा त्यात कोरलेले आहेत. फोटोसाठी अक्षरांत खडू भरला की पूड दगडाच्या छिद्रांत बसते. ती काढायला ओल्या फडक्याने घासले की आधीच झिजलेल्या कडा आणखी बोथट होतात. खडूची मुळात गरजच नाही. बॅटरी भिंतीलगत धरून उजेड तिरपा टाकावा, खाचांत सावली पडून अक्षरे आपोआप उठून दिसतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तरी लेण्यात पहारेकरी नेमावा.

– एक वाचक, जुन्नर