सर्दी छातीत उतरण्याआधीचे दिवस ओळखायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

छातीविकार विभागात तुमच्यासमोर किती दमेकरी येऊन बसत असतील! मी तुमच्या लक्षात असेनच असं नाही. पण यंदाची सर्दी भरती व्हावं न लागता पार पडली, त्याचं श्रेय तुमचं आहे. हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही मला सांगितलेलं आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर तुम्हालाही आवडेल.

मला दमा निघाला तो चाळिशीत. दर खेपेला तेच व्हायचं. आधी शिंका, घसा खवखवणं, मग दोन-तीन दिवसांत सर्दी छातीत उतरायची आणि रात्री घरघर सुरू. धूळ, धूर, थंड हवा यांबद्दल सगळेच बोलतात. मोठ्या माणसांतही दमा उसळतो तो पुष्कळदा साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे, हे मला तुम्ही समजावलंत. ऱ्हायनोव्हायरस हे नावही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. एरवी माणसाला तो नाक पुसायला लावतो, फार तर घसा धरतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या. त्यात विषाणू शिरला की सूज वाढते, चिकट कफ साठतो, भोवतीचे स्नायू आवळतात. फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाला त्रास देणारा आणखी एक विषाणू), कोविड यांनीही हेच होऊ शकतं. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणून त्यावर लस नाही; फ्लूवर आहे, ती दरवर्षी घ्यायची, हेही तुम्ही बजावलंत.

स्टेरॉइड या शब्दाचीच मला धास्ती होती. तुम्ही घाई केली नाहीत. श्वासावाटे घ्यायच्या पंपातली (इन्हेलरमधली) स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकांत जाते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये असते आणि अंगभर फिरते, हे शांतपणे सांगितलंत. निळा पंप आवळलेल्या नळ्या मोकळ्या करतो, पण सूज उतरवत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं, म्हणून बरं वाटत असतानाही तो रोज घ्यायचा. मग पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा साठवणारी पोकळ नळी, लावून माझ्याकडून करून घेतलंत: आधी श्वास पूर्ण सोडायचा, एका वेळी एकच फवारा, सावकाश आत ओढायचा, दहा आकडे होईपर्यंत धरायचा, शेवटी चूळ भरायची. इतक्या मायेनं शिकवणारं माणूस मिळणं हे मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

सगळ्यात उपयोगी पडला तो डॉक्टरांशी बोलून तुम्ही लिहून दिलेला कागद. जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगानं बाहेर पडतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर माझा सर्वोत्तम आकडा 400. आकडा 320च्या खाली गेला, किंवा खोकल्यानं रात्री जाग आली, तर पंपाची मात्रा किती वाढवायची आणि डॉक्टरांना कधी कळवायचं, ते त्यात आहे. 200च्या खाली गेला, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा निळ्या पंपाचा आराम टिकेना, तर वाट न पाहता रुग्णालय. हे आकडे माझे आहेत. ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

यंदा शिंका सुरू झाल्या त्याच दिवशी मी तो कागद काढला आणि सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे मांडू लागले. ते 310वर आले तेव्हा छातीत अजून फारशी घरघरही नव्हती. कागदाप्रमाणे मात्रा वाढवली, डॉक्टरांना फोन केला. कफ पिवळा झाला तेव्हा घरच्यांनी अँटिबायोटिकचा आग्रह धरला. विषाणूवर ते चालत नाही आणि नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही, हे मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगितलं. डॉक्टरांनीही गरज नाही म्हटलं. आकडे हळूहळू वर चढले.

सिस्टर, मनापासून आभार. पुढच्या तपासणीला आकड्यांचा तक्ता घेऊन येते आहे. एक शंका मात्र आहे: सर्दी गेली, आकडाही पूर्ववत झाला, तरी कोरडा खोकला काही आठवडे रेंगाळला. अशा वेळी वाढवलेली मात्रा नेमकी कधी खाली आणायची, तेही त्या कागदावर लिहून द्याल का?

तुमची कृतज्ञ,
एक दमेकरी