दोन मिलिमीटरची माया

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालायचं नाही. पण मंगळवारी जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या सिस्टर म्हटलं की ठाण्यातले पोटावर पिशवी लावणारे बरेच पेशंट ओळखतील.

मी नौपाड्यात ब्लाऊज शिवते, २६ वर्षं झाली. आमचे हे दादरला एका पेढीवर हिशेब बघतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराने, त्यांना ११ वर्षं छळलं. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळायची आणि घाटकोपरला नाहीतर कुर्ल्याला ती सोडून संडास शोधत धावायचे. गेल्या मार्चमध्ये मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर उजवीकडे बाहेर आणलं. आयलिऑस्टॉमी हा शब्द नीट म्हणायला मला आठवडा लागला.

जिथे ऑपरेशन झालं तिथे डिस्चार्जच्या गडबडीत दहा मिनिटांत सगळं उरकलं. हातात मळ साठायच्या दोन पिशव्या, त्या पोटाला धरून ठेवणाऱ्या दोन चिकट प्लेटा आणि एक इंग्रजी कागद. घरी पहिल्या प्लेटचं मधलं भोक मी कापलं. कात्री चालवायची तर मला कसली भीती? शिवणात माया सोडायची सवय, तशी इथेही चांगली अर्धा इंच सोडली. बाईंडिंग नको घट्ट व्हायला, एवढाच विचार. तिसऱ्या दिवशी स्टोमाभोवतीची, म्हणजे त्या बाहेर आणलेल्या टोकाभोवतीची, कातडी लालभडक, ओली, जागोजागी सोललेली. पाण्याचा थेंब पडला तरी हे कळवळायचे. वर मी डेटॉलचा बोळा फिरवला होता. आठवलं की अजून लाज वाटते.

तशाच अवस्थेत तुमच्याकडे आलो. तुम्ही प्लेट सोडवलीत, भोक बघितलंत आणि विचारलंत, "काकू, तुम्ही शिवता का?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वाटलंच. इथे माया दोन मिलिमीटरच सोडायची." लहान आतड्यातून येतं त्यात पाचक रस असतात, ते अन्नासारखंच कातडीलाही पचवायला बघतात, म्हणून कातडी उघडी राहता कामा नये. आणि भोक फार घट्ट झालं तर स्टोमाला काचतं. एवढं सांगितलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फिटिंगच तर आहे हे!

मग माझ्या भाषेतच शिकवत गेलात. पेस्ट म्हणजे डिंक नव्हे, सुताराची लांबी, खाचखळगे बुजवायला. चिकटायचं काम प्लेटचं. पावडर फक्त ओल्या, सोललेल्या जागी आणि जास्तीची झटकून टाकायची, नाहीतर प्लेट धरत नाही. धुवायला साधं पाणी. तेल, क्रीम, स्पिरिट काही नाही. प्लेट लावण्याआधी काखेत धरून कोमट करायची, लावल्यावर मिनिटभर वरून तळहात ठेवायचा. बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, तेव्हा आतडं शांत असतं. पुसताना लाल ठिपका आला तरी घाबरायचं नाही. स्टोमाला वेदनेच्या नसा नसतात, हात लागला तरी यांना दुखत नाही. मी आठवडाभर श्वास रोखून पुसत होते हो!

माझी एक फजिती तर तुम्ही विसरला नसाल. यांचा स्टोमा गोल नाही, एका बाजूला अंडाकार. मी ऐटीत पुठ्ठ्याचा साचा करून आणला. साचा समोरून घेतला आणि आखला प्लेटच्या मागच्या कागदावर, म्हणजे डावं उजवीकडे गेलं. उलट-सुलट विसरणारी शिंपीण! तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात आणि हेही हसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आता साच्यावर मोठ्या अक्षरात "सुलट" लिहिलंय. पहिले दोन महिने स्टोमा आक्रसत जातो म्हणून दर आठवड्याला माप घ्यायला लावलंत. ३८ मिलिमीटरवरून २९ वर येऊन थांबला, मगच चार-पाच प्लेटा एकदम कापून ठेवायला परवानगी दिलीत.

त्याच काळात तुम्ही ती डेन्मार्कच्या नर्सची गोष्ट सांगितलीत. एलिझ सोरेन्सन; बहिणीचं असंच ऑपरेशन झालं, ती घराबाहेर पडेना, म्हणून हिने १९५४ साली चिकटणाऱ्या, वापरून टाकून द्यायच्या पिशवीची कल्पना काढली. तेव्हापासून प्लेटचा कागद सोलताना मला ती कोण कुठली बहीण आठवते.

पण आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. मी प्लेट बदलायची तेव्हा हे पंख्याकडे बघत पडून राहायचे. पोट जणू दुसऱ्याचं. पाचव्या मंगळवारी तुम्ही माझ्या हातातली कात्री काढून यांना दिलीत, आरसा समोर ठेवलात आणि मला बाहेर बसायला सांगितलंत. खरं सांगू, राग आला होता. इतकं मन लावून करतेय आणि मलाच बाहेर? बाकावर बसून मी चक्क रडले. आतून तुमचा आवाज येत होता, "काका, घाई नाही. वाकडं गेलं तर गेलं." अर्ध्या तासाने हे बाहेर आले, शर्ट खोचलेला. मला म्हणाले, "तू फार करकचून दाबतेस."

आता महिनोन्‌महिने मी ती प्लेट बघितलेली नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की प्लेट ओढते, हे तेच मला ऐकवतात. दादरपर्यंत खिडकी सोडत नाहीत. पाणी शोषणारं आतडंच गेल्यामुळे मिठाचं ताक नाहीतर ओआरएस बरोबर असतं. मका मात्र बंद, त्यामुळे तलावपाळीवर कणसं भाजताना दिसली की अजून चेहरा पडतो.

माझ्याकडे पिशवीचं कव्हर शिवायचं काम उरलं. ठाण्याच्या घामात प्लॅस्टिक पोटाला चिकटतं, म्हणून अस्तराच्या सुती कापडाची शिवली. मागच्या वेळी तुम्ही दोन मागितली होती. या पत्रासोबत दहा पाठवते आहे. गरजू पेशंटना द्या, पैशांचा विषय काढू नका.

आणि एक तक्रार. भाचीच्या लग्नाला मी चार दिवस चिपळूणला गेले, तर यांनी माझ्या कापडाच्या कात्रीने प्लेट कापली. पात्याला सगळा चिकटा. २६ वर्षांत त्या कात्रीला मी कागद लावू दिला नव्हता. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. येत्या मंगळवारी तेवढं सांगा.

तुमची,
नौपाड्याच्या ब्लाऊजवाल्या काकू