बाळाच्या टाचेतला थेंब: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

थायरॉईड मंदावला की मोठ्या माणसाला थकवा येतो, अंग सुजतं, पाळी बिघडते. म्हातारपणी तो वयाचा विसराळूपणा समजून सोडून दिला जातो. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी सुरू झाली की यातलं बहुतेक भरून येतं. शाळकरी मुलाची खुंटलेली उंचीही बरीच सावरते. तान्ह्या बाळाच्या मेंदूचं नुकसान मात्र भरून येत नाही. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला हा जन्मजात दोष असतो. आईकडून मिळालेल्या संप्रेरकावर बाळ सुरुवातीला ठणठणीत दिसतं. लांबलेली कावीळ, घोगरं रडणं, मोठी जीभ लक्षात येईतो उशीर झालेला असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. गोव्याने 2008 मध्येच सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ती सक्तीची करा.

टाचेतल्या रक्ताचा नमुना जन्मानंतर 48 ते 72 तासांच्या दरम्यान घ्यावा. पहिल्या दिवशी सगळ्याच बाळांचा टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारं संप्रेरक) चढलेला असतो, त्यामुळे घाईचा नमुना उगाच धास्ती लावतो. टाचेच्या कडेला टोचावं, पहिला थेंब पुसावा, दुसरा कागदावरच्या वर्तुळात पडू द्यावा. टाच पिळली की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं. थेंबावर थेंब टाकला की आकडा चुकतो. कागद सावलीत, आडवा, तीन-चार तास सुकवावा.

आमच्या मते गाडं अडतं ते निरोपापाशी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, नमुन्याच्या कार्डावर पत्ता सासरचा आणि मोबाइल नवऱ्याचा. अहवाल येतो तेव्हा बाळ सापडत नाही. कार्डावर दोन्ही घरांचे नंबर आणि माहेरच्या आशाताईंचं नाव हवं. त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. सातव्याच्या फेरीत निरोप पोचला तर चौदाव्या दिवसाच्या आत थायरॉक्सिन सुरू होतं. मात्रा किलोमागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला 25 ची दीड गोळी, चमच्यात आईच्या दुधात चुरून. प्राथमिक आरोग्य केंद्रात 25 ची गोळी कायम असावी.

जाता जाता एक. गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आपणच देतो. त्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. मध्ये चार तास हवेत. हे पाकिटावर मराठीत छापावं.

आपले,
बालरोग व स्त्रीरोग विभागांतले काही डॉक्टर