बेडकाचा गळा आणि तुझी सकाळची गोळी

नागपूर, १४ जुलै

प्रिय वसंत्या,

फोनवर तू हसलास, "रिटायर होऊन बेडकांचे गळे काऊन फाडतो बे?" म्हणून हे सविस्तर.

फाडलं काही नाही. गोरेवाड्याकडे रस्त्यालगत एक डबकं भरलं होतं. मग पावसानं दडी मारली, डबकं आटलं आणि चिखलात मेलेले टॅडपोल उरले. कुणाला पाय फुटायचे होते, कुणाला चारही फुटलेले. सहा उचलून आणले, अल्शियन ब्लू नावाच्या रंगात टाकले. त्यात कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, निळी होते, मग पोटॅशनं मांस पारदर्शक करायचं. दोन पोटॅशमध्ये रात्रभर विसरलो, सकाळी साबुदाण्याची खीर! उरले चार.

आठवतं, बी.एस्सी.ला बेडकाच्या कंठिकेची, म्हणजे जिभेखालच्या सांगाड्याची, स्लाइड करायची होती? पातळ चकती अन् तिची लांब शिंगं शाबूत सोडवायची. तुझं एक तुटलं, ते तू डिंकानं चिकटवलंस. तोंडी परीक्षेत सरांनी भागांची नावं तेवढी विचारली. हे सगळं येतं कुठून, हे ना त्यांनी सांगितलं, ना आपण विचारलं.

सगळ्यात लहान टॅडपोलच्या घशात तसली चकती नाहीच. दोन्ही बाजूंना चार-चार वाकड्या कमानी, टोपली विणल्यासारख्या. कल्ले अन् गाळण्या त्यांच्यावरच. पुढे दोन जाड आडव्या कूर्चा. स्नायूनं त्यांचं बाहेरचं टोक वर ओढलं की आतलं खाली जातं, तोंडाचा तळ खचतो आणि पाणी आत येतं. तळ उचलला की पाणी कल्ल्यांवरून बाहेर, शेवाळाचे कण आत अडकतात. अगदी तुमच्या वाड्यातला हापसा.

चार पायांच्या टॅडपोलमध्ये टोपली विरत आलेली, कडा कुरतडल्यासारख्या. त्या जाड कूर्चा बारीक होत कानाकडे वळलेल्या. लेका, तू तोडलेलं शिंग ते हेच! मागे दोन दांड्या येतात, पुढे त्यांचं हाड होतं आणि स्वरयंत्र त्यांच्या कवेत बसतं. हापसा मात्र सुटत नाही. बेडकाला श्वासासाठी ना बरगड्या, ना श्वासपटल. तो घशाचा तळ वरखाली करूनच फुप्फुसात हवा ढकलतो. आत्ता ओसरीवर दिव्याखाली एक भेक बसलाय, हनुवटीखाली नुसती धडधड चाललीय.

हे सगळं मोडून बांधण्याचा हुकूम थायरॉइड ग्रंथीचा. गुडरनाच नावाच्या संशोधकानं १९१२ मध्ये टॅडपोलांना जनावरांच्या थायरॉइडचे तुकडे खाऊ घातले, तर वाढ थांबून त्यांचे वेळेआधीच चिमुकले बेडूक होऊ लागले. तू पहाटे उपाशीपोटी जी गोळी घेतोस ना, त्यात त्याच ग्रंथीचं संप्रेरक, थायरॉक्सिन. घाबरू नकोस, तुझं जे व्हायचं ते होऊन गेलंय.

दिवाळीला आलास की चारही दाखवतो. तुझी डिंकाची स्लाइडही माझ्याच डब्यात आहे. शिंग पुन्हा निखळलंय.

तुझा,
बंड्या