अश्यास, काही विचारायचं आहे

वरळी, जानेवारी २०२६

अश्या,

व्हॉट्सअॅपवर टाकलं असतं तर तू हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास. फोनवर तर "हां, हां" करत लगेच माझ्या शुगरवर येतोस. म्हणून कागद. शुगर ठीक. गुडघा आहे तिथेच आहे. विषय संपला.

लिहितोय ते आईमुळे. अंगानं ठणठणीत आहे, ८९ व्या वर्षीही मला खडसावते. पण बीडीडी चाळ सोडून टॉवरमध्ये आल्यापासून डोक्यातलं सगळं सटकत चाललंय. पहाटे चारला उठून पाणी भरायला निघते. नळाला दिवसभर पाणी असतं हे तिला रोज सांगायचं आणि रोज तिनं मला वेड्यात काढायचं. शेवटी तिचा पितळी हंडा सिंकच्या नळाखाली ठेवून दिला. काठाला पोचा आलेला, तुझ्या पायावर पडला होता तोच. तो भरते, फडक्यानं झाकते आणि मग निवांत झोपते. सकाळी हिनं तो गुपचूप ओतून टाकायचा. संडास घरातच आहे हे तर तिच्या गळी उतरतच नाही. "देवाच्या भिंतीला लागून?" असं म्हणून टमरेल घेऊन बाहेर पडते आणि लिफ्टसमोर रांगेत उभी राहते. लिफ्टला रांग असतेच, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

हस. पण पुढचं नीट वाच.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते, मैदानापलीकडच्या चाळीतली. कॉम्प्युटरच्या लॉटरीत कुणाला कोण शेजारी आलंय याचा पत्ता नाही. ७४ च्या दंगलीनंतर खोल्या बदलून बदलून माणसांनी आपापल्या चाळी कशा वेगळ्या केल्या ते तू पाहिलंयस. ते सगळं म्हाडाच्या लॉटरीनं एका दिवसात कालवून टाकलं. कुणी ठरवून केलं नाही, म्हणूनच झालं असेल. अर्थात आता दारंच बंद असतात, त्यामुळे शेजारी कोण आहे यानं फारसं बिघडत नाही आणि घडतही नाही.

तर ६ डिसेंबरला त्या पोरीकडे चैत्यभूमीला आलेले विदर्भातले पाहुणे होते. दार सताड उघडं, समोर बाबासाहेबांचा फोटो, हार, मेणबत्त्या. आई टमरेल घेऊन निघाली ती तिच्या दारात जाऊन थांबली. फोटोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "सुमन, मी कडी उघडली नाही गं."

पोरगी शहाणी. म्हणाली, "असू दे आजी, आत या." आई आत गेली नाही. घरी आली आणि पोहे खाल्ले. वर लिंबू नाही म्हणून हिला बोलली.

अश्या, ती ५ जानेवारीची रात्र मी पन्नास वर्षं सांगत आलोय. दलित पँथरची सभा, दगड, तू मैदानातून धापा टाकत आलास, आईनं तुझ्या आईला म्हणजे सुमनकाकूला, तुला आणि बेबीला आत ओढलं, धान्याच्या डब्यांमागे बसवलं आणि दाराला पाठ लावून रात्रभर बसली. माझ्या लग्नात मामानं सांगितलं, माझ्या रिटायरमेंटला मी सांगितलं. गेल्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या त्या दिवशीही, "आम्ही चाळीत कधी जातपात पाहिली नाही" अशी भाषणं ऐकून घरी आलो आणि नातवाला हीच गोष्ट सांगितली. मी तर तिथे नव्हतोही. बाबा गावी आणि मी लालबागला आत्याकडे अडकलेलो. तरी मला ते दिसतं. बेबीच्या तोंडावर आईनं धरलेला पदर दिसतो, विझवलेल्या कंदिलाचा वास येतो. न पाहिलेलं इतकं स्वच्छ कसं दिसतं?

मग त्या रात्री बसून हिशोब केला. खोली १६० चौरस फूट. त्यात कॉट, मोरी, शिवणाचं मशीन, पिंप. धान्याचे डबे भिंतीला चिकटून, फळीखाली. त्यांच्यामागे मांजर लपलं नसतं, तीन माणसं कुठली?

आणि एकदा शंका शिरली की सगळंच वेगळं दिसायला लागतं. ही गोष्ट निघाली की तू पान खायला उठायचास. दरवेळी. मला वाटायचं, स्तुती तुला सोसत नाही. (तू, आणि स्तुती सोसत नाही! कॅरमची एक बोर्ड जिंकलास तर आठवडाभर मजल्यावर सांगत फिरणारा माणूस.) दिवाळीला सुमनकाकू करंज्या खायला यायची तीसुद्धा दारातल्या स्टुलावर बसायची. "गुडघे, बाई" म्हणायची. आणि मार्चमध्ये तुम्ही खोली बदलून गेलात ते तिकडे मामा आहेत म्हणून, असं आम्हाला सांगितलंत. पण मामा तर तिकडे आधीपासूनच होते की.

उलट बाजूही आहे. सुमनकाकूच्या पुण्यानुमोदनाला आई शेवटचा माणूस उठेपर्यंत बसली होती. काकूंनी आजारपणात पहिला निरोप आईलाच धाडला होता. दार न उघडणाऱ्या बाईला कोण निरोप धाडतं? डॉक्टर म्हणतात, जुनं शेवटपर्यंत टिकतं, पण त्यातही सरमिसळ होते, एका दिवसाचं दुसऱ्या दिवसाला चिकटतं. ते काय एका रात्रीचं प्रकरण होतं? १० तारखेला मोर्चात पँथरचा भागवत जाधव गेला, नंतर कित्येक आठवडे धुमसत होतं. एका रात्री उघडलं असेल, एका रात्री नसेल. दंगलीच्या चौकशीला भस्मे आयोग बसला, साक्षी झाल्या, पण आमच्या दाराची कडी कुणी विचारली नाही. खरं काय ते माहीत असलेली माणसं आता तीनच. एकीच्या डोक्याचं हे असं. बेबीला तेव्हा चौथं वर्ष. उरलास तू.

मी तुझ्यावर चिडलोय का? थोडा. पन्नास वर्षं ऐकून घेतलंस, एकदाही "विल्या, गप" म्हणाला नाहीस. जांबोरीवरच्या फायनलला रनआउट कोण झालं यावर तू अजून माझ्याशी भांडतोस (तूच झाला होतास, कॉल तुझा होता), आणि इथे तोंडातून शब्द नाही. की खरंच तसं घडलं होतं आणि मी उगाच आईवर आळ घेतोय? दोन्ही बाजूंनी माझीच झोप उडते.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? थेंब वेळेवर घालायला सांग. नातीला बारावीसाठी शुभेच्छा आणि तिला तुझ्या मार्कांचं सांगू नकोस, पोर घाबरेल. नाशिकच्या थंडीत कानाला बांधून फिरत जा.

तुला छळायला हे लिहीत नाहीये. अडलंय ते वेगळंच. त्या दिवसापासून आई रोज विचारते, "सुमनला सांगितलंस का? काय म्हणाली?" काकू गेल्या हे सांगितलं की नव्यानं रडते, म्हणून ते बंद केलं. "हो, सांगितलं" म्हणतो. मग ती पुन्हा, "पण म्हणाली काय?" ही म्हणते, काहीही सांगा, तिला कुठे लक्षात राहतंय. मला नाही जमत. काकूंच्या तोंडी माझ्या मनचं घालायला मी कोण?

तुझी आई तुझ्याशी कधीतरी बोललीच असेल. काय म्हणाली होती ते लिही. वाईट असेल तरी लिही, त्यातलं आईला काय सांगायचं ते मी बघतो.

तुझा
विल्या