जपून वापरणे हाही संस्कारच

महोदय,
पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवर छत्री दुरुस्त करणारे कारागीर आजही बसलेले दिसतात. तरीही एखादी काडी निसटली म्हणून अख्खी छत्री कचऱ्यात टाकणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते. भिजलेली छत्री घरी येताच उघडून निथळत ठेवावी, पूर्ण वाळल्यावरच मिटावी आणि पावसाळा सरताना काड्यांच्या सांध्यांना तेलाचा थेंब लावावा, म्हणजे लोखंड गंजत नाही आणि कापडाला बुरशी लागत नाही, हे चाळीतल्या मुलांना कुणी मुद्दाम शिकवत नसे. घरात पाहूनच ती शिकत.

याला निव्वळ काटकसर म्हणणे मला पटत नाही. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले असताना गांधीजी पेन्सिलीचा एक लहानसा तुकडा बेचैन होऊन शोधत होते. काका कालेलकरांनी आपली पेन्सिल देऊ केली, पण गांधीजींना तोच तुकडा हवा होता, कारण मद्रासच्या एका लहान मुलाने तो त्यांना प्रेमाने दिला होता. कालेलकरांनीच ही आठवण लिहून ठेवली आहे. वस्तूमागच्या माणसाची कदर करणारा स्वभाव अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतूनच घडतो.

जूनमध्ये शाळा सुरू होताना नवे दप्तर घेण्याआधी पालकांनी मुलांना सोबत घेऊन बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जावे आणि जुन्या दप्तराला नवी चेन बसवून मिळते का, हे मुलांनाच विचारू द्यावे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई